जेथें आयोडीन हरलें

थायरॉइड ग्रंथीच्या व्याधींचा इतिहास वैद्यकाच्या विजयाचा इतिहास म्हणून सांगतात, आणि तें बव्हंशीं खरेंही आहे. बर्नच्या थिओडोर कोखर यांनीं गळ्यांतील या ग्रंथीवरील शस्त्रक्रिया पुष्कळ निर्धोक केली. १९०९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९४६ सालीं न्यूयॉर्कच्या सायडलिनप्रभृति वैद्यांनीं शरीरभर पसरलेल्या थायरॉइड-कर्करोगावर किरणोत्सर्गी आयोडीनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. या ग्रंथीच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, आणि त्याच्याच किरणांनीं मरतात. शत्रूच्या भुकेचाच हा सापळा.

परंतु याच ग्रंथींत असाही एक कर्करोग उद्भवतो, कीं ज्याच्या पेशी आपलें कूळच विसरलेल्या असतात. त्यास ‘ॲनाप्लास्टिक’ म्हणतात. तो आयोडीन घेत नाहीं. गांठ पाहतां पाहतां वाढते, श्वासनलिका दाबते, घास उतरेनासा होतो. निदानानंतर निम्मे रोगी सहा महिनेही काढीत नसत. चार दिवस वाट पाहूं, असें म्हणण्याची सोय घरच्या मंडळींस राहत नाहीं.

सुरीनें गांठ समूळ निघेना, कारण ती श्वासनलिकेस चिकटलेली. एकटें औषध दुबळें. तेव्हां उपायांचा मेळ घालणें आलें. १९८० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग येथें किम व लीपर यांनीं डॉक्सोरुबिसिन हें औषध दर आठवड्यास अल्प मात्रेनें दिलें, आणि किरण दिवसांतून दोन वेळां विभागून दिले. येथें औषधाचें काम मुख्यतः पेशींस किरणांपुढें हळवें करण्याचें होतें. बहुतेकांच्या गळ्यांतील गांठ ओसरली. पण रोग इतर अवयवांत पसरे, व मृत्यु तिकडून येई. यास कोणी अपयश म्हणेल; आम्ही म्हणणार नाहीं. गुदमरण्याची यातना टळणें म्हणजे काय, हें उशाशीं बसलेल्यास विचारावें.

२००२ सालीं मनुष्याच्या कर्करोगांत ‘ब्राफ’ नामक जनुकाचा बिघाड आढळला. त्या बिघाडाचें कार्य डाब्राफेनिब अडवतें, आणि त्याच साखळीची पुढची कडी ट्रामेटिनिब रोखतें. या जोडीस मे २०१८ मध्यें अमेरिकेंत या रोगासाठीं मान्यता मिळाली. तिच्या आधारभूत प्रयोगांत २३ पैकीं १४ रोग्यांच्या गांठी बऱ्याच आकसल्या. मग सुरीही परत आली. आकसलेली गांठ काढण्याचा क्रम ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन येथील वैद्यांनीं अवलंबिला. मात्र हा बिघाड सर्वांत सांपडत नाहीं. म्हणून निदान होतांच, पहिल्या कांहीं दिवसांतच, तो तपासून घ्यावा लागतो.