बर्फावर उरलेले दोन देश

१/
जगाच्या नकाशावर आज नसलेले दोन देश एका जुन्या व्हिडिओ गेममध्ये अजूनही एकमेकांविरुद्ध आइस हॉकी खेळतात : सोव्हिएत युनियन आणि चेकोस्लोव्हाकिया. नंदुरबारच्या आमच्या घरी, थोरल्या भावाच्या टीव्ही गेमवर, मी ही नावे प्रथम वाचली. शाळेच्या नकाशात मात्र दोन्ही सापडेनात. हा थ्रेड त्या नावांविषयी.

२/
खेळाचे नाव साधेच, 'आइस हॉकी'. निन्टेन्डोने तो जानेवारी १९८८ मध्ये जपानमध्ये आणला. त्याच वर्षी तो अमेरिकेत पोहोचला. १९९० च्या दशकात निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला आपल्या बाजारात आल्या. एकेका 'कॅसेटी'त अनेक खेळ कोंबलेले असत. सातपुड्याच्या पायथ्याशी बर्फावरची हॉकी आली ती या वाटेने.

३/
प्रत्येक बाजूला चार खेळाडू आणि एक गोलरक्षक. खेळाडू तीन अंगकाठ्यांचे : बारीक, मध्यम आणि जाडे. बारीक चपळ, पण त्याचा फटका हलका. जाडा संथ, पण त्याचा फटका जबर. कोणते चार घ्यायचे ते आपण ठरवायचे. भाऊ जाडे निवडी, मी बारीक. आणि बहुधा मीच हरे.

४/
सामन्यापूर्वी संघ निवडण्याचा पडदा येतो. त्यावर सहा नावे : अमेरिका, कॅनडा, स्वीडन, पोलंड, सोव्हिएत युनियन, चेकोस्लोव्हाकिया. हा पडदा दस्तऐवज म्हणून वाचून पाहू.

पहिला प्रश्न काळाचा. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन विसर्जित झाले. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. खेळावर साल छापलेले नसते, तरी ही यादी त्याआधीच्या जगाची आहे, हे ओळखता आले असते.

५/
दुसरा प्रश्न : यादीतून कोण वगळले गेले?
फिनलंड. फेब्रुवारी १९८८ मध्ये कॅलगरीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्ण, फिनलंडने रौप्य आणि स्वीडनने कांस्यपदक मिळवले. खेळ त्याच्या महिनाभर आधीच बाजारात आला होता. म्हणजे ही यादी त्या काळच्या हॉकीचा आरसा नव्हे. ती करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे देश होते, त्यांची आहे.

६/
तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : दस्तऐवज कशाविषयी मौन बाळगतो?
२० ऑगस्ट १९६८ च्या रात्री वॉर्सा कराराच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या. अलेक्झांडर दुबचेक यांच्या सुधारणांचा 'प्राग वसंत' रणगाड्यांखाली चिरडला गेला. चढाईत सोव्हिएत फौजांबरोबर पोलंडच्याही फौजा होत्या. आपल्या यादीत हे तिन्ही देश आहेत.

७/
मार्च १९६९ मध्ये स्टॉकहोम येथे आइस हॉकीचे जागतिक अजिंक्यपद सामने झाले. चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला दोनदा हरवले : २१ मार्चला २-०, २८ मार्चला ४-३. काही खेळाडूंनी जर्सीवरील चिन्हातला लाल तारा चिकटपट्टीने झाकला होता. ज्या देशाला रणगाड्यांपुढे काही करता आले नव्हते, त्याला बर्फावर उत्तर देता आले.

८/
दुसऱ्या विजयानंतर लोक रस्त्यावर उतरले. प्रागमध्ये एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीच्या कार्यालयाची मोडतोड झाली. मॉस्कोने त्याचे निमित्त करून दडपण वाढवले. एप्रिलमध्ये दुबचेक यांना पक्षाचे सर्वोच्च पद सोडावे लागले आणि त्यांच्या जागी गुस्ताव हुसाक आले. एका सामन्याच्या जल्लोषाची किंमत देशाने अशी मोजली.

९/
हा सामना आम्ही दोघे भाऊ कितीदा तरी खेळलो असू. बटण दाबले की दोन रंगांचे गणवेश समोरासमोर येत. कोणी कोणाच्या देशात रणगाडे पाठवले होते, हे कॅसेट सांगत नाही. तिच्या लेखी देश म्हणजे एक नाव आणि एक रंग.

१०/
'जुना नकाशा' म्हणून या यादीला हसण्यापूर्वी आपल्या घरातली कागदपत्रे काढून पाहावीत. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र स्थापनेनंतर पश्चिम खानदेशाचे धुळे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर पश्चिम खानदेश, वडिलांच्या दाखल्यावर धुळे, माझ्या दाखल्यावर नंदुरबार. घर तेच, दार तेच.

११/
रेषा कशी सरकते, ते याच जिल्ह्यात नवापूरच्या रेल्वे स्थानकावर दिसते. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि आधीपासून उभे असलेले हे स्थानक सीमेवर आले. त्याचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्याच्या मधोमध दोन राज्यांची हद्द आहे. फरक इतकाच की आपली रेषा कायद्याने आखली गेली. प्रागमध्ये रणगाडे आले होते.

१२/
२०१८ मध्ये निन्टेन्डोने हा खेळ आपल्या 'स्विच' यंत्रावर पुन्हा उपलब्ध करून दिला. त्यामुळे ते दोन देश आजही बर्फावर उतरतात. खेळाल तेव्हा घाईने पुढे जाऊ नका; संघांची यादी आधी वाचा. आणि घरात 'जि. प. खानदेश' लिहिलेला एखादा कागद असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नका.