गिरणी कोणाची, दळण कोणाचं?

व्हिडिओ गेम म्हटलं की आपण 'पोरांचा टाइमपास' म्हणून मोकळे होतो. पण त्यामागे मालकीचं एक जुनं भांडण आहे. ज्यांची मुलं गेम बनवायला शिकतायत, त्यांनी तरी हे वाचाच.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअरने 'डूम' आणला. त्यात गेम चालवणारा कोड वेगळा आणि नकाशे, चित्रं, आवाज वेगळे ठेवले होते. गिरणी तीच, दळण बदलायचं! ही गिरणी म्हणजे इंजिन. कंपनीने ते इतरांना परवान्यावर दिलं आणि १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोडही खुला केला. १९९८ मध्ये एपिकचं अनरियल आलं. दिसायला देखणं, पण मोठ्या स्टुडिओंनाच परवडणारं.

२००५ मध्ये कोपनहेगनच्या तिघांनी युनिटी आणलं. पुढे स्मार्टफोन आले आणि छोट्या टीमना तेच सोयीचं पडलं. मग २०१५ मध्ये अनरियलनेही दार उघडलं: इंजिन फुकट, गेम चालला तर कमाईत ५ टक्के वाटा.

आणि १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने जाहीर केलं की कमाई आणि इन्स्टॉलची ठरावीक मर्यादा ओलांडली की प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे २० सेंटपर्यंत शुल्क. तेही आधीच बाजारात असलेल्या गेमना! आता बघा, कमाईतला वाटा कमाई झाली तरच द्यावा लागतो. पण फुकट गेम लाखो लोक घेतात, पैसे देणारे थोडेच. म्हणजे गेम गाजला तर मालक अडचणीत.

जगभर बोंबाबोंब झाली. दहा दिवसांत कंपनीने माफी मागून नियम सौम्य केले, महिन्याभरात सीईओ गेले, आणि वर्षाने गेमवरचं ते शुल्कच रद्द झालं. पण तोवर विश्वास उडाला होता. अनेकजण गोडोकडे वळले. अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवलेलं हे इंजिन २०१४ पासून मुक्त आहे. वाटा नाही, शुल्क नाही. थ्रीडीत ते अनरियलची बरोबरी करत नाही, कन्सोलसाठीही वेगळी खटपट करावी लागते. पण उद्या त्याचे नियम बदलले, तरी हातात असलेला कोड कोणी काढून घेऊ शकत नाही.

म्हणून 'कुठलं इंजिन भारी?' एवढंच विचारू नका. परवान्याचा कागद आधी वाचा. पीक उभं राहिल्यावर खंड वाढवणारा जमीनमालक आपल्याला नवा नाही.