दुसरा शनिवार, दुपारी तीन

जानेवारी 2015. ढाका. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतील कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी अर्ज करणारे ईमेल येतात. बायोडेटा पाहण्यासाठी लिंक दिलेली असते. पत्र नम्र, मजकूर साधा. फेब्रुवारी 2016 मध्ये त्याच बँकेचे 8 कोटी 10 लाख डॉलर जातात. चोरीसाठी निवडलेला दिवस सुट्टीला लागून असतो.

2 जून 2016. रिझर्व्ह बँक व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर करते. नागरी सहकारी बँकांसाठी अशी स्वतंत्र चौकट अजून निघालेली नाही.

फेब्रुवारी 2018. कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेतून पैसे पाठवण्याचे तीन बनावट संदेश ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून परदेशी जातात. धोका देशातही आहे.

शुक्रवार, 10 ऑगस्ट 2018. अमेरिकेची तपास संस्था एफबीआय बँकांना गोपनीय इशारा पाठवते: येत्या काही दिवसांत जगभरातील एटीएममधून एकाच वेळी पैसे काढले जाण्याची शक्यता आहे, असे प्रकार बहुधा शनिवार-रविवारी होतात. कोणत्या बँकेवर घाला येणार, हे इशाऱ्यात नसते.

शनिवार, 11 ऑगस्ट, सकाळ. महिन्यातला दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर 1906 साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेचे मुख्यालय आहे. शाखा बंद आहेत, एटीएम चालू आहेत.

परदेशात गेलेला प्रवासी एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र कार्ड कंपनीच्या जाळ्यातून त्याच्या बँकेला विचारते: पैसे देऊ का? बँकेचे ‘स्विच’ खाते आणि शिल्लक तपासून उत्तर देते. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात प्रवाशाला रोकड मिळते ती या एका उत्तराच्या भरवशावर.

कॉसमॉसच्या यंत्रणेत हल्लेखोरांनी बनावट स्विच उभे केले आहे. प्रश्न त्याच्याकडे वळतो. खरी शिल्लक तपासली जात नाही. उत्तर प्रत्येक वेळी एकच येते: द्या.

दुपारी 3. पैसे काढायला सुरुवात होते. 28 देशांत सुमारे 450 बनावट व्हिसा कार्डे वापरली जातात. एटीएमच्या लेखी हे सगळे पुण्यातील बँकेचे खातेदार आहेत, परदेशात फिरायला गेलेले. भारतातही, कोल्हापूरसह काही शहरांत, रुपे कार्डांच्या नकला चालू लागतात.

रात्री 10. सात तास झाले आहेत. परदेशात सुमारे 12,000 व्यवहार, 78 कोटी रुपये. देशात 2,849 व्यवहार, अडीच कोटी. सरासरी काढली तर मिनिटाला 35 व्यवहार. असामान्य व्यवहारांचा संशय आल्यावर बँकेने व्हिसा आणि रुपे डेबिट कार्डांची यंत्रणा बंद केली. तोवर 80 कोटी 50 लाख गेले आहेत.

रविवार, 12 ऑगस्ट. अमेरिकी पत्रकार ब्रायन क्रेब्ज एफबीआयचा तो इशारा जाहीर करतात. पुण्याच्या बँकेची रोकड जाऊन एक रात्र उलटली आहे.

सोमवार, 13 ऑगस्ट, सकाळी 11.30. कामाचा दिवस. कार्डांची वाट बंद आहे, स्विफ्टची उघडी आहे. तीन संदेशांनी 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेत ‘एएलएम ट्रेडिंग’ या कंपनीच्या खात्यावर जातात.

मंगळवार, 14 ऑगस्ट. पुण्याच्या चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल. एकूण रक्कम 94 कोटी 42 लाख. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँक सांगते. एटीएम आणि नेट बँकिंग बंद ठेवले जाते.

19 ऑक्टोबर 2018. रिझर्व्ह बँक नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर करते. घटनेला 69 दिवस झालेले आहेत.

15 जानेवारी 2020. रिझर्व्ह बँकेचा आदेश: नवे कार्ड देताना ते फक्त देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांपुरतेच चालू असावे. परदेशातील वापर ग्राहकाने मागितला तरच सुरू होईल, आणि त्याला तो कधीही बंद करता येईल.

एप्रिल 2023. पुण्याचे न्यायालय कॉसमॉस प्रकरणात 11 जणांना दोषी ठरवते.

19 एप्रिल 2025. केंद्रीय गृह मंत्रालयाचे सायबर गुन्हे समन्वय केंद्र नवा इशारा देते. या वेळी तो बँकांना नाही, यात्रेकरूंना आहे: केदारनाथचे हेलिकॉप्टर, देवस्थानांची अतिथीगृहे, टॅक्सी आणि सहलींच्या नावाने खोटी संकेतस्थळे आणि खोटी व्हॉट्सॲप खाती चालू आहेत. केदारनाथचे दरवाजे 2 मे रोजी उघडणार आहेत. इशारा 13 दिवस आधी आला आहे.

पुण्यात बँकेच्या जागी बनावट स्विच बोलत होते. इथे देवस्थानाच्या जागी बनावट संकेतस्थळ बोलते. विचारले तर तेही ‘खोली राखून ठेवली आहे’ असेच सांगते.

धाराशिव जिल्ह्यातून यात्रेला निघणाऱ्यांनी, आणि नवरात्रात तुळजापुरात भाविकांना खोल्या देणाऱ्या लॉजचालकांनी, एवढे करावे. लिंक ज्या वाटेने आली, त्याच वाटेने तिची खात्री करू नये. क्रमांक संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः शोधून फोन लावावा. केदारनाथचे हेलिकॉप्टर फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर आरक्षित करावे. परदेशी जायचे नसेल तर कार्डाचा परदेशी वापर आजच बंद करावा. लॉजच्या संगणकावर ‘ग्राहकाची तक्रार’ म्हणून आलेली लिंक उघडण्याआधी त्या ग्राहकाशी बोलावे.

आणि पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला 1930 हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक लावावा. सुट्टी संपण्याची वाट पाहू नये.