शाई लागायचं वय

1984 च्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली, तेव्हा मला 21 पुरी झाली होती. पण यादीसाठी वय मोजायचं ते त्या वर्षाच्या 1 जानेवारीला, आणि त्या दिवशी मी 20 चा होतो. बाबा मत देऊन आले. मी त्यांच्या बोटावरची शाई बघत राहिलो.

डिसेंबर 1988 मध्ये राजीव गांधी सरकारने 61 वी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर करून घेतली. कलम 326 मधले 21 जाऊन 18 आले. 28 मार्च 1989 पासून ते लागू झाले. त्याच सुमारास मतदान केंद्र बळकावण्याविरुद्ध आणि मतदान यंत्रासाठीही कायद्यात तरतूद झाली.

बाबांना हे पटलं नाही. "पोराच्या लग्नाला एकवीस लागतात, न् राज्य निवडायला अठरा पुरे?"

धाकटा भाऊ म्हणाला, "बाबा, बाराव्या वर्षी नांगर हातात दिलात, तेव्हा वय कुठं विचारलंत?" बाबा गप्पच झाले.

नोव्हेंबर 1989. भाताची झोडणी टाकून आम्ही दोघे भाऊ रांगेत उभे राहिलो. मी 26 चा, तो 19 चा. दोघांचंही पहिलंच मत! 1984 साली देशात सुमारे 38 कोटी मतदार होते, ते आता जवळजवळ 50 कोटी झाले होते. त्यात आम्ही दोघे.

पुढे वालीवच्या शेतांत कारखान्यांचे गाळे उठले. 2009 साली वसई-विरार महापालिका झाली, गाव तिच्यात गेलं. 2010 आणि 2015 ला निवडणुका झाल्या. जून 2020 मध्ये मुदत संपली. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले. कारभार प्रशासकाकडे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कुठं 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं.

माझी पुतणी 2002 ची. लोकसभा-विधानसभेला तिने 2024 मध्ये मत दिलं. पण नळाचं पाणी, गटार, रस्ता बघणारा नगरसेवक निवडायला तिला 23 वं वर्ष उजाडलं. म्हणजे जुन्या 21 च्याही पुढे! मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यावी, असंही त्याच घटनेत लिहिलंय.

मतदानाच्या दिवशी ती बोट दाखवत घरी आली. भाऊ म्हणाला, "मला एकोणिसाव्या वर्षी लागली होती, पोरी."