दवंडीपासून बारकोडपर्यंत

मराठीच्या विद्यार्थ्यांना 'कोंडवाडा' हा शब्द बहुधा दया पवारांच्या 1974 सालच्या कवितासंग्रहामुळे ठाऊक असतो. प्रत्यक्षातला कोंडवाडा मात्र नोंदी ठेवणारी संस्था होता, आणि त्या नोंदी भाषेवर उभ्या होत्या. 1871 च्या ब्रिटिश कायद्यानुसार कोंडलेल्या जनावरावर सात दिवसांत कोणी हक्क सांगितला नाही, तर पोलीस ठाण्यात त्याच्या वर्णनाची नोटीस लागे; जवळच्या गावात आणि बाजारात दवंडी पिटली जाई. आणखी सात दिवसांनी लिलाव. (बीड तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने हा कायदा येथे थेट लागू नव्हता.)

वर्णन जुळले नाही तर बैल गेला. म्हणूनच पशुपालकांची शब्दसंपदा आम्हांला निव्वळ लोकसाहित्याचा ऐवज वाटत नाही. बीडसह मराठवाड्यात आढळणाऱ्या एकट्या देवणी जातीत तीन नावे आहेत: तोंडाच्या बाजूंना काळा तो वानेरा, पोटाखाली काळे ठिपके असलेला बालंक्या, अंगभर अनियमित काळे डाग असलेला शेवरा. त्यात शिंगांची ठेवण, कपाळावरचा चांद, शेपटीचा गोंडा यांची भर पडली की ओळख पक्की होई. हा पुरावा निरक्षर माणसाच्याही जिभेवर असे.

2019 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडल्या. तेथे जनावरांना बारकोडचे बिल्ले लावून मोबाईलवर हजेरी घेण्याची पद्धत आली. हेतू हरवलेले जनावर घरी पोहोचवण्याचा नव्हता. अनुदानासाठी फुगवलेले आकडे रोखण्याचा होता. पुढे लसीकरणाबरोबर बारा अंकी पिवळा बिल्ला कानात आला, आणि 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याविना खरेदी-विक्रीला मनाई झाली. हरवलेली गाय आता अंकावरून मालकापर्यंत पोहोचू शकते, पण विक्रीनंतर नोंद बदलली असेल तरच. अन्यथा तो अंक जुन्याच मालकाचे नाव सांगेल, आणि 'हा माझा शेवरा' हे वाक्य संगणकापुढे कोणी ऐकणार नाही.

मुंबईत 2023 साली विमानतळाबाहेरच्या वीस भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे पट्टे बांधले गेले. कोणीही वाटसरू फोन धरून कुत्र्याचे नाव, लसीकरण आणि त्याला खाऊ घालणाऱ्याचा संपर्क वाचू शकत होता. अनोळखी माणसाला उद्देशून बोलणारी ही खूण आम्हांला कानातल्या बिल्ल्यापेक्षा दवंडीच्या अधिक जवळची वाटते. बिल्ल्यावर नुसता अंक दिसतो. आणि त्या कुत्र्यांना तर कायद्याच्या अर्थाने मालकही नव्हता.