पोलादी गिटार व तिचे घडविणारे : कै. व्हॅन शिप्ले यांचें स्मरण

जुबिलीच्या पुस्तिकेंत पाद्रींचीं नांवें असतात, देणगीदारांचीं असतात, क्वायरमध्यें गाणाऱ्यांचीं व वाजविणाऱ्यांचींही असतात; परंतु ज्या वाद्यांच्या साथीनें ही मंडळी गात आली, तीं वाद्यें कोणाच्या हातांनीं घडलीं याचा उल्लेख सहसा आढळत नाहीं. आमच्या पॅरिशच्या या पुस्तिकेसाठीं संगीतावर कांहीं लिहावें अशी आज्ञा झाली, तेव्हां ही उणीव एका वाद्यापुरती तरी भरून काढावी असें आम्हीं ठरविलें. तें वाद्य म्हणजे पोलादी गिटार, जिला आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात; आणि ज्यांचें स्मरण मुख्यत्वें करावयाचें ते गृहस्थ म्हणजे मार्च २००८ मध्यें निवर्तलेले मुंबईचे प्रसिद्ध वादक व्हॅन शिप्ले. ते आमच्या पॅरिशचे नव्हेत, मालवणचेही नव्हेत. तरी त्यांचें नांव येथें कां, हें वाचकांस पुढें कळेल.

प्रथम वाद्याविषयीं. साधी गिटार छातीशीं धरून डाव्या हाताच्या बोटांनीं तारा दाबून वाजवितात. पोलादी गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा उंच उचललेल्या असल्यामुळें त्या पडद्यांस टेकत नाहींत. डाव्या हातांत एक गुळगुळीत पोलादी कांडी असते, ती तारांवरून सरकवावयाची, व उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडावयाच्या. नांव पडलें तें त्या कांडीवरून. गिटारीचें अंग लांकडाचेंही असूं शकतें. कांडी सरकूं लागली म्हणजे स्वर एका पायरीवरून दुसरीवर उडी मारीत नाहीं, तर गळ्यासारखा घसरत जातो. आमच्या संगीतांत जिला मींड म्हणतात ती हीच. पेटीच्या अंगीं हा गुण नाहीं. याच व अशा आणखी आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओनें मार्च १९४० पासून पेटीस मज्जाव केला होता, व तो सुमारें तीस वर्षें टिकला. जिच्या साथीवर आपण लादाईन म्हणतों त्या पेटीची ही अवस्था, आणि हजारों मैलांवरून आलेल्या या परक्या वाद्यास मात्र भारतीय गळ्याचा गुण आयताच लाभलेला, हें आम्हांस नवल वाटतें.

या वाद्याचा जन्म हवाई बेटांतला. तेथें गिटार पूर्वींच पोंचली होती. परंतु उत्तम वाद्यें करणारे हात आले ते १८७९ सालीं. त्या वर्षाच्या २३ ऑगस्ट रोजीं रेव्हन्स्क्रॅग नांवाचें जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटांतून ऊंसाच्या मळ्यांसाठीं मजूर घेऊन होनोलुलूच्या बंदरास लागलें. त्या मजुरांत मानुएल नुनीस, आवगुस्त डायस व जुझे द एस्पिरितु सांतु हे तिघे सुतारकाम जाणणारे होते. पुढें त्यांनीं होनोलुलूंत तंतुवाद्यें करण्याचा धंदा मांडला, आणि मदेराच्या एका लहानशा वाद्यावरून त्यांच्या हातीं उकुलेले निपजला. नुनीस आणि डायस हीं आडनांवें आमच्या किनाऱ्यावरील बाप्तिस्म्याच्या वह्यांत पानोपानीं सांपडतील. तिसऱ्याचें नांव तर साक्षात् पवित्र आत्म्याचें. पोर्तुगालच्या जहाजांनीं जें व्हायोलिन व जी गिटार आमच्या बाजूस आणून ठेविली, त्यांचींच भावंडें जगाच्या दुसऱ्या टोंकास अशीं वाढत होतीं.

तारेवर कांहीं तरी सरकविण्याची युक्ति प्रथम कोणास सुचली यावर वाद आहे. होनोलुलूंत १८८४ च्या सुमारास गाब्रिएल डेव्हिअन नांवाचा एक तरुण या रीतीनें वाजवून लोकांस थक्क करीत असे, असें जुन्या आठवणींत सांगितलेलें आहे. हा गाब्रिएल जन्मानें हिंदुस्थानांतला; एका जहाजाच्या कप्तानानें त्यास पळवून नेलें होतें म्हणतात. नांव ऐकून तो आपल्याच किनाऱ्यावरचा असावा असें म्हणण्याचा मोह होतो. तो आम्हीं आवरतों. शिवाय, तंतूवर कांडी अथवा गोटा सरकविण्याची रीत आमच्या देशांत विचित्र वीणेवर आहेच, आणि दक्षिणेंत तिरुविडैमरुदूरच्या सखाराम राव यांनीं गोट्टुवाद्यम् म्हणून ती नांवारूपास आणिली. सखाराम हें नांव कोणत्या भाषेचें हें मराठी वाचकांस सांगावयास नको.

पोलादी गिटारीचें श्रेय मात्र जोसेफ केकुकु यांस देतात, आणि आमच्या मतें तें योग्यच आहे. शाळेंत असतां त्यांनीं शाळेच्या कारखान्यांत पोलादाची कांडी घडवून घासली, तारा उंच केल्या आणि सात वर्षें सराव केला अशी कथा आहे. युक्ति सुचणें निराळें आणि तिचें वाद्य करणें निराळें. १९०४ सालीं ते हवाई सोडून अमेरिकेस गेले व १९३२ सालीं तिकडेच वारले. त्याच सुमारास लॉस एंजेलिस येथें तव्यासारख्या दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या गिटारीस विजेची जोड देण्यांत आली. बाजारांत यश मिळविणारी पहिली विजेची गिटार ती हीच, मांडीवर घ्यावयाची.

हिंदुस्थानांत हें वाद्य फिरत्या हवाईयन मंडळ्यांनीं आणिलें. ताऊ मो यांचें कुटुंब तर १९४० नंतरचीं कित्येक वर्षें कलकत्त्यास राहिलें. तेथून मुंबईच्या सिनेमांत यावयास त्यास वेळ लागला नाहीं.

व्हॅन शिप्ले यांचा जन्म १९२७ सालीं लखनौस एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. व्हायोलिन आणि गिटार दोन्ही त्यांच्या हातीं होतीं, व उस्तादांपाशीं बसून त्यांनीं रागदारीही शिकून घेतली होती. मुंबईस आल्यावर त्यांनीं सिनेमाच्या वाद्यवृंदांत काम केलें. सिनेमाच्या गाण्यांच्या, शब्दांवांचून वाजविलेल्या, त्यांच्या तबकड्या हिज मास्टर्स व्हॉइसनें काढिल्या. आणि पुण्याचे एकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्यासह त्यांनीं देशोदेशीं कार्यक्रम केले. परंतु आम्हांस त्यांचें महत्त्व वाटतें तें निराळ्या कारणानें. दुकानांत मिळणाऱ्या सहा तारांच्या गिटारीवर त्यांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं स्वतःच्या कल्पनेनें आठ तारांची विजेची हवाईयन गिटार सिद्ध केली: अधिकच्या दोन तारांपैकीं एक अखंड आंस देण्यासाठीं, दुसरी लय धरण्यासाठीं. सतारीच्या चिकारीचें काम अशा रीतीनें परदेशी वाद्यावर आलें. पुढें पंडित विश्वमोहन भट्ट यांनीं आपल्या मोहनवीणेवर याहून कितीतरी अधिक तारा चढविल्या, व १९९४ सालीं त्यांस ग्रॅमी पारितोषिक मिळालें, तें सर्वांस ठाऊक आहे. शिप्ले यांच्या दोन तारा मात्र फारसे कोणी आठवीत नाहीं.

आमच्या पॅरिशमध्यें त्या आठवणारा एक मनुष्य होता. चर्चचीं बांकें व कन्फेसरची पेटी ज्यांच्या हातचीं, त्यांस सारा गांव नुसतें मेस्त म्हणे. त्यांच्या भावानें मुंबईहून शिप्ले यांची एक तबकडी आणिली, आणि मेस्तांस वेड लागलें. जुनी गिटार पैदा करून त्यांनीं म्हशीच्या शिंगाचा तुकडा तासला व तारांखालीं बसविला. कांडी लोहाराकडून नळीच्या तुकड्याची करवून पंधरा दिवस घासली. खाऱ्या हवेनें तारा गंजत म्हणून त्या खोबरेलाच्या फडक्यानें पुसून ठेवीत. नाताळांत ती गिटार वाजली, तेव्हां पाठीमागच्या बांकांवरील म्हातारीं माणसें मान वळवून पाहूं लागलीं, कीं आंत कोण बाई गाते आहे?

मेस्त तेथें थांबते तर बरें होतें. शिप्ले यांच्या आठ, तर आपल्याही आठ, असा त्यांनीं हट्ट धरला व डोक्यावर दोन भोंकें पाडून दोन खुंट्या वाढविल्या. सहा पोलादी तारांचाच ताण पन्नास किलोंहून अधिक असतो. त्यांत आणखी दोनांची भर. विजेची गिटार भरीव असते म्हणून ती हें सोसते, पोकळ गिटारीचा पातळ तक्ता सोसत नाहीं. फेस्ताच्या आदल्या संध्याकाळीं तालमीच्या मध्येंच घोडी तक्त्यासकट उखडली. मेस्त कोणाशीं एक शब्द बोलले नाहींत. रात्रभर कंदिलापाशीं बसून त्यांनीं सरसानें ती चिकटविली, आणि सकाळीं गिटार सहा तारांवर वाजली. उरलेल्या दोन खुंट्या त्यांनीं काढून टाकिल्या, भोंकें तशींच राहिलीं.

१९८० नंतर विजेच्या कीबोर्डांनीं सिनेमांतून या गिटारीस मागें सारलें, आमच्या क्वायरमधूनही सारलें. शिप्ले वारल्याची बातमी आम्हीं मेस्तांस वाचून दाखविली तेव्हां ते बराच वेळ खळ्यांत बघत राहिले, आणि म्हणाले, "माजो गुरू गेलो. भेटाक मात्र कधी गावलो नाय." पुढें कांहीं वर्षांनीं मेस्तही गेले.

गिटार सध्यां साक्रिस्तीच्या कपाटांत आहे. जुबिलीसाठीं तिच्यावर नव्या तारा चढवाव्या असें क्वायरनें ठरविलें आहे. कांडी मेस्तांच्या मुलापाशीं आहे. ती फेस्ताच्या आधीं आणून देण्याचें त्यानें कबूल केलें आहे.