खडी केंद्रावरची दुपार

आधी फोन काढून ठेवा, मनगटावरचं घड्याळही. बूट राहू द्या. इथं बूट घालून दोनच तऱ्हेची माणसं येतात, सरकारी आणि पेपरवाली. लोक दोघांकडंही सारख्याच नजरेनं बघतात: हा आता काय लिहून नेणार?

साल 1973, मे महिना. सातारा जिल्ह्यातला माण तालुका. दहिवडीहून म्हसवडकडं जाणाऱ्या रस्त्यावर एसटीनं तुम्हाला उतरवलं आणि ती फुफाटा उडवत निघून गेली. दुपारचे दोन वाजले असतील. काही दिसायच्या आधी ऐकू येतं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज, मध्येच थांबणं नाही की ताल नाही. वळण ओलांडलं की माळावर शेकडो माणसं उकिडवी बसून दगड फोडताना दिसतात. निम्म्याहून जास्त बाया. हे दुष्काळी कामाचं खडी केंद्र.

पहिल्या ओळीतल्या बाईजवळ तुम्ही थांबता. जुन्या ट्यूबचं एक कडं तिनं कापून घेतलंय. कड्यात दगड धरायचा आणि वरून हातोडी मारायची, म्हणजे कपच्या उडत नाहीत. तरी उडतातच. तिच्या नडग्यांवर बारीक काळे डाग आहेत, काही जुने, काही अजून ओले. डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि बोटाला चिंध्या गुंडाळल्यात. खडी ठरल्या मापाची हवी, मोठी राहिली तर मुकादम पायानं ढीग पसरतो आणि पुन्हा फोडायला लावतो. शेजारी तीन काठ्यांच्या तिवईला झोळी टांगलीय. झोळीत पोर, पोराच्या तोंडावर पदराचा तुकडा.

"पगाराचं सायेब का तुमी?" ती वर न बघता विचारते.

तुम्ही नाही म्हणता.

"मग सावलीत बसा जावा. उनात हुबं ऱ्हाऊन काय पगार वाढायचा न्हाई."

सावली म्हणजे एक बाभळ, आणि तिच्याखाली भांडण पेटलंय. मजुरी वाटून तीन आठवडे झालेत. आज वाटप होणार होतं. कॅशियर आलेला नाही. म्हणून तीसेक जणांनी हातोड्या खाली ठेवल्यात. मधोमध कोवळा ओव्हरसियर, बगलेत मस्टर धरून. त्याच्यासमोर लाल बावट्याचा कार्यकर्ता, त्याची सायकल बाभळीला टेकवलेली. कडेला पटका बांधलेले एक तात्या, सत्तरीच्या घरातले, विडी न पेटवता नुसती धरून.

कार्यकर्ता म्हणतो, "1963 साली कायदा करून राज्याच्या कायद्यांतनं 'फॅमिन' हा शब्दच खोडून टाकला. म्हणजे कागदावर दुष्काळ पडतच नाही, टंचाई पडते. आणि टंचाईत मजुरी तीन आठवडे उशिरा आली तर कुणाचं काय जातंय?"

हशा होतो. तो आणखी चढतो. वसंतराव नाईकांनी 1965 साली शनिवारवाड्यावर काय सांगितलं होतं? दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालो नाही तर मला फासावर द्या. "आठ वर्षं झाली."

"तीन वर्षं पाऊस नाही हा काय मुख्यमंत्र्यांचा गुन्हा?" ओव्हरसियर चिडतो. बिचारा चिडणारच. 1970 पासून लागोपाठ तीन पावसाळे हुकलेत, त्यातला 1972 चा सगळ्यात वाईट. धान्य नेहमीच्या निम्म्यावरही पिकलेलं नाही. पिकाखालच्या शंभर एकरांतल्या दहाएक एकरांनाच विहिरी-कालव्याचं पाणी मिळणारं हे राज्य. या महिन्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं आहेत, आणि खेड्यांतली वस्ती 1971 च्या शिरगणतीत साडेतीन कोटींच्या आसपास होती. म्हणजे तान्ह्या पोरापासून कमरेत वाकलेल्या म्हातारीपर्यंत सगळे धरले तरी सातांत एक जण हातोडी नाहीतर टिकाव-घमेलं घेऊन कामावर. एवढ्यांची रोजची हजेरी, मोजमाप, पैसे. हे आकडे ओव्हरसियरला तोंडपाठ नसतील, पण मस्टर त्याच्याच बगलेत आहे.

तो ठेवणीतला सवाल काढतो. "या गावात भुकेनं कोण मेलं, एक नाव सांगा."

कुणीच बोलत नाही. सवाल खरा आहे म्हणून बोलत नाहीत. या गप्प बसण्याची किंमत कळायला हवी असेल तर इथून काही कोसांवरचा राजेवाडीचा तलाव आठवा, म्हसवडचा तलाव म्हणूनही त्याची नोंद आहे. 1876-77 च्या दुष्काळात, इंग्रजांच्या राज्यात, दुष्काळी काम म्हणूनच त्याचं काम निघालं. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपलनं मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं. माणसं तेवढ्यावर राबायला नकार देऊन कामं सोडून गेली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा सरकारला अर्जामागून अर्ज पाठवत राहिली. दक्षिण आणि पश्चिम हिंदुस्थानात तेव्हा माणसं लाखांनी मेली. हे तात्यांनी पुस्तकात वाचलेलं नाही. ते एवढंच म्हणतात, "माजा आजा हुता त्या तलावावर. त्येचं दोन भाऊ हुतं. परत आला त्यो एकलाच." मग ओव्हरसियरकडं बोट करून, "ह्ये सरकार बरं हाय. आजून मानूस हाय तसा हाय."

"मेलं न्हाई म्हंजी झालं का समदं?" मागून आवाज येतो. मघाची बाई, झोळीतलं पोर काखेला मारून. सगळे तिला आक्का म्हणतात. ती ओव्हरसियरशी बोलतच नाही, तात्यांना विचारते, तीन आठवडे घरात चूल कशावर पेटली? वाण्याच्या उधारीवर. वाणी उधार कशावर देतो? मस्टरात नाव आहे म्हणून. आणि मजुरी हातात पडली की पहिला कुणाच्या दारात जायचं? "सरकारचा पैसा वाण्याचं याज फेडाया येतूय, तात्या. आमी मदी नुसतं दगड फोडतूय."

आजच्या सगळ्या भांडणातला हा सगळ्यात जड मुद्दा आहे, आणि तो मांडणारीला सही येत नाही. सरकारनं पैसा काढला, काम उघडलं, लोक वाचले, हे सगळं खरं. पण तीन आठवड्यांच्या उशिरानं त्याच पैशाचा मालक बदलतो, आणि कुठल्याही अहवालात हा उशीर 'अडचण' यापलीकडं जात नाही.

साडेतीनच्या सुमारास सुकडी येते. भांडण आपोआप थांबतं. गोड, भाजक्या पिठाचा वास, पोरांची रांग, मोठ्यांचे हातही पुढे. सुकडी चांगली आहे, यावर बाभळीखाली कुणाचंही दुमत नाही. कार्यकर्तासुद्धा चिमूटभर तोंडात टाकतो. मिलोवर मात्र सगळे तुटून पडतात. अमेरिकेहून आलेली ही लाल ज्वारी तिकडं जनावरांना घालतात, हे कुणीतरी पेपरात वाचून सांगितलंय. भाकरी थापली की चिरते आणि घशाखाली उतरता उतरत नाही. केंद्रानं गेल्या महिन्यातच गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःच्या हातात घेतलाय. कार्यकर्त्याला त्यात समाजवाद दिसतो, आक्काला रेशनच्या दुकानाचं बंद दार.

ओव्हरसियरच्या पिशवीतलं जुनं वर्तमानपत्र हातोहात फिरतं. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागं हजारो बाया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरतात, ती हकीकत कार्यकर्ता सांगतो.

"लाटण्याला सरकार भेतंय?" आक्का विचारते.

"भितं की."

"आन् हातोडीला?"

ओव्हरसियर मस्टर दुसऱ्या बगलेत घेतो.

तुमची जीभ आता शिवशिवते. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात, त्यांच्या विसापूर भागात, 1969 साली मागेल त्याला काम देऊन बघितलं होतं. त्यातूनच रोजगार हमी योजना आली. 1977 साली तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला, आणि 2005 मध्ये देशाच्या कायद्यानं तीच वाट धरली. तिच्या खर्चासाठी 1975 साली शहरांतल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. तुमच्या पगारपत्रकात तो अजून कापला जातो. ज्याँ द्रेझ हा अर्थशास्त्रज्ञ पुढे या दुष्काळाचा हिशोब मांडेल. त्याला दिसेल की धान्य एवढं घटूनही भुकेचा बोजा एकट्या मजुरावर पडला नाही, मोठ्या शेतकऱ्यानंही थोडं कमी खाल्लं. जमलं ते या कामांमुळं, हे तो सांगेल. आणि ही कामं उघडी राहिली ती मोर्चे, घेराव, विधानसभेतली ओरड यांच्या रेट्यामुळं, हेही. म्हणून सरकारनं चांगलं केलं की वाईट, असा कौल कुणी मागितला तर मी ओव्हरसियरच्या बाजूनं देईन. फक्त त्या चांगल्यातला मोठा वाटा बाभळीखाली हातोड्या टाकून बसलेल्यांच्या नावावर मांडीन. सरकारी अहवालात हा वाटा टाकायला रकानाच नसतो. यातलं काहीच तुम्ही बोलत नाही. बोललात तरी आक्का विचारणार, पगार कधी?

पण तुमच्या खिशात पेन आहे आणि ते तिनं बघितलंय. "लिवता येतं न्हवं? मग बसा." मामलेदाराला अर्ज. कार्यकर्ता मजकूर सांगू लागतो, दोन वाक्यांतच साम्राज्यवादापर्यंत पोचतो. आक्का त्याला गप्प करते आणि स्वतः सांगते. पगार दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी. ढिगाचं मोजमाप मजुरासमोर, मुकादमाच्या मर्जीवर नाही. मस्टरातली खोटी नावं वाचून दाखवा. आणि खडी पुरे झाली, ओढ्यावर पाझर तलावाचं काम काढा. रस्त्याकडेला मैलभर पसरलेले ढीग दाखवून ती विचारते, एवढी खडी कुठल्या रस्त्याला लागायची? उत्तर ओव्हरसियरलाही माहीत असावं. खडीचं काम उघडायला सोपं, त्याला ना पाहणी लागते ना नकाशा, आणि मोजायला सोपं. यातले कितीतरी ढीग पुढची अनेक वर्षं जागचे हलणार नाहीत. तो हळूच म्हणतो, "पाझर तलावाचं लिहा. वरून दाब आला तर मलाही बरं."

शाईचं पॅड मस्टर कारकुनाचं. अंगठे उमटू लागतात. तात्या मात्र हात मागं घेतात. "ज्या सरकारनं जगवलं त्येच्यावरच अर्ज?"

"जगलाय म्हून तर अंगठा हाय," आक्का म्हणते. "आना हिकडं."

तात्या बराच वेळ कागदाकडं बघतात, मग तुमच्याकडं. "मिलोचं लिवलंय का?"

नाही, मिलोचं राहिलंच.

"पयलं त्ये लिवा, समद्यांच्या वर. मंग मी लावतो."